हयातीचा दाखला आणि आईचा अंगठा

पाटीपेन्सिल

परवा आईला घेऊन हयातीचा दाखला काढायला गेले होते. आई सोलापुरात पूर्व भागात राहते. २९ वर्षं तिनं विड्या वळल्या, त्याची थोडकी पेन्शन येते. वर्षातून एकदा आपण अजून आहोत हे यंत्राला अंगठा दाखवून सांगावं लागतं.

यंत्रानं ऐकलं नाही. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग तर्जनी, मधलं बोट, असं करत दहाही बोटं झाली. केंद्रावरचा मुलगा चांगला होता. ओल्या फडक्यानं पुसून झालं, साबणानं धुऊन झालं. "मावशी, बोट जरा कपाळावरून, केसांवरून फिरवा, तेल लागलं की उमटतं," म्हणाला. तेही केलं. मागे रांग वाढत चाललेली. शेवटी त्यानं तिचा अंगठा उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या बोटांवर रेघाच नाहीत हो."

आई म्हणाली, "पानांवर गेल्या त्या."

ज्यांनी विडी वळताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पानावर पत्र्याचा साचा धरून कातरायची. मग मांडीवर सूप, सुपात जर्दा, म्हणजे विडीची तंबाखू. डाव्या हातात पान, त्यावर उजव्या हातानं चिमटीभर जर्दा, तो बोटानं सारखा पसरायचा, आणि दोन्ही अंगठे-तर्जन्यांत धरून एका दमात गोल वळायचं. एका टोकाला दोरा, दुसऱ्या टोकाची घडी अंगठ्याच्या नखानं आत मुडपायची. पान ओलसर असलं तरी खरखरीत असतं, जर्दा तर पॉलिश पेपरसारखाच. मजुरी हजार विड्यांवर. वर्षाचे पावणेतीनशे दिवस धरले आणि दिवसाला हजार, तरी ऐंशी लाखांच्या घरात आकडा जातो. प्रत्येक विडीला अंगठा चार-पाच वेळा तरी घासला असणार.

पण हीच बोटं अजून एक गंमत करतात. सुपातल्या विड्यांत हात घालून मूठ भरली की २५ निघतात. आम्ही लहानपणी मोजून बघायचो. कधी २४ निघाल्या तर आई म्हणायची, "एक जाड आलीय त्यात, बघा." आणि यायची.

तर प्रश्न दोन. एक, दाखल्याचं काय करायचं? दुसरा प्रश्न असा नाहीच, पण त्या दिवसापासून मला जिथंतिथं माणसांचे हातच दिसायला लागलेत. भाजीवालीचे, कंडक्टरचे, बँकेत नोटा मोजणाऱ्याचे. तुमच्या घरातल्या हातांविषयी लिहा.

---

टांगेवाला

आधी कामाचं. अंगठ्याचा हट्ट सोडा. आधारसाठी बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचेही ठसे घेतलेले असतात, बुबुळाचं यंत्र असलेलं केंद्र शोधा. त्याहून सोपं म्हणजे चेहरा दाखवून दाखला काढता येतो, २०२१ च्या नोव्हेंबरपासून ती सोय आहे. मोबाईलवर दोन ॲप घ्यावी लागतात, घरबसल्या होतं. आमच्या वडिलांचं मीच करतो.

---

शेवग्याची_शेंग

"पानांवर गेल्या त्या." काकूंना नमस्कार सांगा.

---

बोटभर_चिठ्ठी

मी हातांच्या रुग्णांचं ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

ठशांच्या रेघा आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यांचा साचा कातडीच्या आतल्या थरात असतो, त्यामुळे वरचं झिजलं तरी काम थांबवल्यावर काही आठवड्यांत रेघा बऱ्यापैकी परत येतात. गवंडी, धुणंभांडी करणाऱ्या बायका, चुना-सिमेंटात हात घालणारे, सगळ्यांची हीच तक्रार असते. वय झालं की मात्र कातडीचा ताण जातो, रेघा सपाट होतात, आणि यंत्राला उंच-सखल काही सापडत नाही. कॅन्सरवरच्या केपसिटाबीन नावाच्या औषधानंही काही जणांचे ठसे पुसट होतात. काकूंनी महिनाभर रात्री हाताला व्हॅसलीन लावून झोपून बघावं. फरक पडलाच तर ठसे नव्यानं नोंदवून घ्या.

आता थोडं अवांतर. एका हातात २७ हाडं. मनगटात आठ, तळव्यात पाच, बोटांत १४. बोटं हलवणारे स्नायू मात्र बोटांत नसतात! काही तळव्यात असतात, आणि ताकदीचे सगळे कोपराखाली. आत्ता डावा हात टेबलावर ठेवा, उजव्या हातानं डाव्या कोपराखालचा भाग धरा आणि बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. कळलं? बोटं म्हणजे कळसूत्री बाहुल्या, दोऱ्या ओढणारे वर बसलेले.

दुसरं. पाण्यात हात राहिला की बोटांना सुरकुत्या पडतात, तेव्हा आपल्याला वाटतं कातडी पाणी पिऊन फुगली. तसं नाही, ते मज्जातंतूंचं काम आहे. मज्जातंतू तुटलेलं बोट कितीही भिजवा, सुरकुतत नाही. लहान मुलाचा हात काचेनं कापला असेल आणि त्याला "इथं लागतं का, तिथं लागतं का" सांगता येत नसेल, तर हात कोमट पाण्यात बुडवून बघायचा. कुठलं बोट गुळगुळीत राहतं ते बघितलं की कळतं.

---

कृष्णाकाठ

मुठीत २५ विड्या वाचून आजोबा आठवले. ते बैलांचे दलाल. खरसुंडीच्या जत्रेत, सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंडांचे सौदे करायचे. सौदा कसा, तर रुमालाखाली. दोघं समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकायचे आणि खाली बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. पुढच्या आकड्यांच्या खुणा गावागणिक वेगळ्या. एक म्हणजे शंभर की हजार हे बैलाकडे बघून दोघांनाही ठाऊक असायचं. वर तोंडानं गप्पा भलत्याच: पाऊस कसा, पोराचं लग्न ठरलं का. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही आणि खाली बोटांत जुंपलेली. मध्येच आजोबा हात झटकून बाहेर काढायचे, म्हणजे समोरच्यानं अपमान होईल असा भाव सांगितला.

मार्केट यार्डात यालाच हत्ता म्हणायचे. हळद, गूळ, आंबा, सगळीकडे चालायचं. आम्हाला लहानपणी जादूच वाटायची. मोठेपणी कळलं की ज्याचा माल त्या शेतकऱ्याला रुमालाखाली काय शिजलं ते कळायचंच नाही. अडत्याची बोटं आणि व्यापाऱ्याची बोटं, शेतकरी आपला रुमालाकडे बघत उभा. उघड लिलावाची मागणी उगाच झाली नाही.

आजोबांचा हात धरून बाजारात चालताना ते सवयीनं माझी बोटं मोजल्यासारखी दाबायचे. मी विचारायचो, "अण्णा, किती लावले माझे?" तर म्हणायचे, "तू विकायचा नाहीस."

---

सुपातले_जात्यातले

माझं सासर कोल्हापूरकडचं, माहेर चिपळूण. म्हणजे मोदक हात आणि भाकरी हात, दोन्ही शिकावे लागले. मोदकाच्या पाऱ्या करायला बोटांची टोकं लागतात, भाकरीला तळवा. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी बोटांनी भाकरी थापत होते आणि ती फाटत होती.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कढत पाणी घालून आधी जोर लावून मळायचं, तेही तळव्याच्या टाचेनं, परातीत रेटून रेटून. सासूबाई म्हणायच्या, "पिठाला राग आला पाहिजे." थापताना बोटं नुसती कडेला राखण करायला, काम तळव्याचं. आणि खरी मेख ही की भाकरी आपण फिरवायची नसते. हात मधोमध न पडता किंचित बाजूला पडला की प्रत्येक थापेला ती स्वतःच पिठावर घसरत फिरते. मी सहा महिने दुसऱ्या हातानं ढकलत होते. एका दिवशी ती आपली आपण फिरली आणि मी "अहो आई, बघा!" म्हणून ओरडले. त्या तव्याकडे बघत होत्या, म्हणाल्या, "मग काय उडते का आता?"

मापांचं तर विचारू नका. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, बोट, वीत, हात. आजीच्या पशाचं प्रमाण घेऊन मी मेतकूट केलं ते कडू झालं. तिचा पसा केवढासा! डाळ माझ्या पशानं आणि मेथ्या पण माझ्या पशानं घेतल्या असत्या तर प्रमाण जमलं असतं, पण मी डाळ वाटीनं मोजली आणि मेथ्या तेवढ्या "आजीची आठवण म्हणून" हातानं.

---

डावरा_बंडू

डावखुऱ्यांची बाजू मांडायला हजर. प्रसादाला डावा हात पुढे गेला की गुरुजींचा हात हवेत थांबतो, हे ४१ वर्षं बघतोय. मराठी लिहिताना तर दुहेरी मार. आमचा हात लिहिलेल्या अक्षरांवरूनच सरकतो. ओळ लिहिताना एकदा शाई फासते, आणि शिरोरेघ ओढताना दुसऱ्यांदा. शाळेत बाई म्हणायच्या, बंडूची वही कावळ्यानं लिहिली. मी शिरोरेघ सोडून दिली ती आजतागायत. मोडीत लिहिलं असतं तर रेघ आधीच ओढलेली असते म्हणे!

---

पाटीपेन्सिल

बंडू :) आईला मेतकुटाचं वाचून दाखवलं, खूप हसली.

टांगेवाला, ॲप घेतलंय, रविवारी बघते. तिच्या आधारचा मोबाईल नंबर जुना आहे का ते आधी तपासते.

---

अर्धवट_तबलजी

थेरपिस्ट ताईंना एक प्रश्न. तबल्यावर "ना" वाजवताना तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर पडते आणि अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या कडेशी नुसती टेकलेली असते. ती टेकली नाही तर "ना" नाही, नुसता ठोका. गुरुजींनी पहिले तीन महिने फक्त हेच करून घेतलं. अनामिका ऐकतच नव्हती, तर्जनी उचलली की ती मागोमाग उठायची. हे माझ्याच बोटांचं वाईट आहे का सगळ्यांचं?

डग्ग्याचं उलट. तिथं बोटांइतकंच मनगटाचं काम. मनगटाची टाच मैदानावर, म्हणजे शाईबाहेरच्या मोकळ्या कातड्यावर, दाबत पुढे सरकवली की घुमारा चढतो. डाव्या हाताचं मनगट काचेच्या टेबलावर टेकवून लॅपटॉपवर काम करताना मी नकळत दाबत असतो, शेजारचा विचारतो काय झालं.

---

बोटभर_चिठ्ठी

सगळ्यांचं! पंजा टेबलावर पालथा ठेवा. मधलं बोट दुमडून तळव्याखाली घ्या, बाकीची पसरलेली. आता एकेक उचला. अंगठा उठेल, तर्जनी उठेल, करंगळी उठेल. अनामिका उठणार नाही. बोटं सरळ करणाऱ्या नसा म्हणजे कंडरा पंजाच्या मागच्या बाजूला एकमेकींना आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात, मधल्या बोटाची अडकवली की अनामिकेची सैल पडते. तुमच्या गुरुजींनी तीन महिने तुमच्या शरीररचनेशी भांडण काढलं, बोटाशी नाही.

---

शेवग्याची_शेंग

ऑफिसात पाच जण टेबलावर पंजे ठेवून बसलोय. साहेब येऊन बघून गेले.

---

गोदाम_क्र_७

माफ करा, थोडं कडू लिहितो. विडीचं हे जे वर्णन आलंय ते वाचायला छान आहे, पण हाताचं कौतुक करून मजुरीचा विषय बाजूला पडतो. जर्द्याची धूळ नाकातोंडात जाते, पाठ मोडते, नजर जाते. "मुठीत बरोबर २५" ही कला नाही, सक्ती आहे. एक कमी भरली तर पैसे कापले जातात म्हणून ती आली.

---

पाटीपेन्सिल

गोदाम, कडू नाही, खरंच आहे. फक्त "कला नाही" हे मान्य नाही. दोन्ही आहे.

हजार दिल्या की कारखान्यात तपासणारा बसलेला असायचा. ढिली, वाकडी, पान फाटलेलं, अशा काढून बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. पानं कमी किंवा किडकी दिली तर वरची पानं आपल्या पैशानं आणायची. विडी कामगारांचा कायदा १९६६ मध्येच झाला होता, पण आईच्या हाती कामाची नोंद असलेलं पासबुक यायला तिची कितीतरी वर्षं गेली. त्याआधीच्या विड्यांची कुठंच नोंद नाही. मी आठवीत होते तेव्हा मीही शाळेतून आल्यावर दोरा बांधायला बसायचे. आईनं मला पान कधी वळू दिलं नाही. "तुझं नख खराब होईल" म्हणायची. तेव्हा मला वाटायचं तिला माझ्या नखांची हौस आहे.

---

उंबरठा

सरकारी कामात ठसे घेण्याची आजची पद्धत आपल्याकडेच रुजली, म्हणून लिहितो. १८५८ साली बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाबरोबर ठरला, आणि हर्शेलनं त्याच्या पंज्याला शाई लावून कराराच्या मागे अख्खा हात उमटवून घेतला. उद्या "ही सही माझी नाही" म्हणायला नको! तेव्हा ओळख पटवायची शास्त्रीय कल्पना नव्हती, जरब बसवायची होती. पुढे कोलकात्यात १८९७ ला ठशांचं कार्यालय निघालं. ठशांचं वर्गीकरण करण्याची मेहनत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, नाव मात्र वरिष्ठ एडवर्ड हेन्रीचं लागलं.

दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सव्हालमध्ये आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन परवाने घ्यावेत या कायद्याविरुद्ध गांधीजींनी लढा उभारला, तो १९०६ पासून. १९०८ मध्ये तडजोड झाली आणि ते आपणहून नोंदणीला निघाले, तर त्यांच्याच बाजूच्या एका चिडलेल्या माणसानं रस्त्यात मारलं. बोटं सक्तीनं दिली की राजीखुशीनं, यावर एवढं रामायण.

आपण मात्र "अंगठेबहाद्दर" हा शब्द अडाण्यासाठी ठेवला. आता फोन उघडायला डॉक्टर, वकील, प्राध्यापक सगळे दिवसातून शंभर वेळा अंगठा लावतात.

---

सात_सुरात_नसलेली

माझी धाकटी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. आमच्या घरात जेवताना बोलायचं तर घास खाली ठेवावा लागतो. हात एकच, जेवणाचा आणि बोलण्याचा. त्यामुळे आमची जेवणं तासभर चालतात. आई रागावली की पोळी लाटता लाटता रागावू शकत नाही, लाटणं ठेवून, हात पुसून मग रागवायचं, तोवर राग अर्धा झालेला.

लाईट गेली की गप्पा बंद. लहानपणी लोडशेडिंगला आम्ही दोघी एका पांघरुणात बसून एकमेकींच्या तळहातावर खुणा करायचो. ती माझी बोटं स्वतःच्या हातानं चाचपून बघायची आणि काय म्हणतेय ते ओळखायची. मी अंधारात चुकीची खूण केली तर थाड्‌कन तळहातावर मारायची. आता दोघींकडे मोबाईल आहेत, अंधारात पडदाच उजळतो. परवा तिच्याकडे राहायला गेले, वीज गेली, आणि तिनं फोन बाजूला ठेवून हात पुढे केला.

---

कृष्णाकाठ

हे वाचून थांबलो थोडा वेळ.

---

डावरा_बंडू

तुमची बहीण डावखुरी आहे का हो? खुणांच्या भाषेत डावऱ्यांचं काय होतं हे मला बरेच दिवस विचारायचंय.

---

सात_सुरात_नसलेली

उजवी आहे. तिची मैत्रीण डावरी आहे, आरशात बघितल्यासारखं बोलते. कुणालाच अडत नाही. प्रसाद पण कुणी अडवत नाही त्यांचा :)

---

पाटीपेन्सिल

झालं! दाखला निघाला.

ॲपमध्ये चेहरा गोलात धरायचा आणि डोळे मिचकवायचे असतात. आईला म्हटलं, समोर बघ. तर ती फोटो काढल्यासारखी ताठ, डोळे वटारून. "आई, डोळे मिचकव." "फोटोत डोळे मिटलेले येतात." पाच वेळा झालं. शेवटी मी डोळ्यांवर हलकेच फुंकर मारली, तिची पापणी लवली आणि फोन म्हणाला, ती जिवंत आहे. थेरपिस्ट ताई, व्हॅसलीन रोज लावतेय. चार दिवसांत पदर, उशी, टीव्हीचा रिमोट सगळीकडे तिचे ठसे आहेत, फक्त बोटावर अजून नाहीत.

आज सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. हत्त्याचं ऐकून म्हणाली, आमचा तपासणारा पण असाच, तोंडानं गोड आणि हातानं छाट काढणारा. आत्ता स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पंजा पालथा ठेवून, मधलं बोट दुमडून बसलीय. अनामिका उठत नाहीये. दोन-तीन वेळा जोर लावला, मग दुसऱ्या हातानं ते बोट धरून उचललं आणि म्हणाली, "हे बघ, उठलं."